वरच्या अंगाचं पाणी

नंदानं लिहिलेला अर्ज रणधीर साहेबांना फार आवडला होता. दोनदा वाचून ते म्हणाले, इतकं चांगलं लिहिता येतं तर केमिस्ट कशाला झालात? नंदाला तेव्हा बरं वाटलं होतं. कौतुक झालं की माणूस आपण काय लिहिलंय ते पुन्हा वाचत नाही, त्यातलाच प्रकार.

उसाचं चिपाड जाळून वीज करणारा तो प्रकल्प मुरूम गावापासून थोडा आत, ओढ्याच्या कडेला होता. सांडपाणी शुद्ध करायची टाकी सप्टेंबरअखेर पुरी करा, असं प्रदूषण मंडळानं बजावलेलं. टाकीच्या भिंती उभ्या होत्या, पण आत अस्तर नव्हतं, पंप आला नव्हता आणि सध्या तिच्यात पावसाचं पाणी तुडुंब भरून बेडकं ओरडत होती. म्हणून सहा महिन्यांची मुदतवाढ मागायची ठरली. अर्जातलं सगळ्यात देखणं वाक्य नंदाचंच होतं: 'मुदतवाढीच्या काळात सांडपाण्याचा एक थेंबही आवाराबाहेर जाणार नाही.' खाली साहेबांच्या सहीशेजारी तिची सही. टाकी नाही तर बॉयलरही पेटणार नाही, असा तिचा भाबडा समज होता.

गुरुवारी साहेबांनी सांगितलं, शनिवारी बॉयलर धुवायचा. दसऱ्याला बॉयलर पेटवायचा, अग्निप्रदीपनाचा कार्यक्रम ठरलाय, पाहुण्यांना निमंत्रणं गेलीत, त्याआधी धुलाई उरकलीच पाहिजे. पितृपक्षात पूजा चालत नाही, धुलाई चालते. बॉयलर धुणं म्हणजे त्यात कॉस्टिक सोडा घालून पाणी उकळायचं, नळ्यांतलं तेल-घाण सुटली की ते पाणी सोडून द्यायचं. ते अंगावर पडलं तर कातडी सोलून निघते. सोडून द्यायचं म्हणजे कुठं, असं नंदानं विचारलं. साहेब खिडकीबाहेर बघत म्हणाले, ओढ्याला यंदा पाणी चिक्कार आहे, तासाभराचा तर प्रश्न. आणि सोमवारी मंडळाचा माणूस पाहणीला येतोय, तेव्हा बाहेर चर्चा नको.

तेव्हापासून नंदाचा जीव थाऱ्यावर नव्हता. कारण पंचांग काही फक्त साहेबांच्या भिंतीवर नव्हतं. घट बसायच्या आधी घरातली सगळी अंथरुणं-पांघरुणं ओढ्यावर, पुलाखालच्या डोहात नेऊन धुवायची, ही गावातल्या बायकांची पद्धत. रविवारी अमावास्या, त्या दिवशी धुणं नको. म्हणजे शनिवारच. अख्ख्या गावच्या वाकळा आणि साहेबांचा बॉयलर, दोघांनाही एकच दिवस सापडला होता.

नंदा मूळची धाराशिवची. बौद्ध घर, त्यामुळं तिच्याकडं घट बसत नसत. इथं ती कमलबाईंच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहायची. कमलबाई पन्नाशीच्या, एकट्या, बोलायला फटकळ आणि मायेला पक्क्या. शुक्रवारी संध्याकाळी त्या दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, तुझ्याबी गोधड्या दे, एका खेपंतच होत्यात. हीच वेळ होती खरं सांगायची. शब्द ओठांवर आलेही होते. पण नोकरी, सही, सोमवार, सगळं एकदम डोळ्यांपुढं उभं राहिलं आणि तोंडातून भलतंच निघालं.

"मावशी, उद्या पुलाखालच्या डोहावर जाऊ नका. तिथं कुत्रं मरून पडलंय, पाणी नासलंय."

कमलबाईंनी नाक मुरडलं, बरं झालं सांगितलंस म्हणाल्या आणि लगेच आळीतल्या बायकांना सांगायला निघाल्या. आपण साप मारला नि काठीही वाचवली, असं नंदाला वाटलं. त्या रात्री तिला झोपही लागली. जातील कुठल्यातरी विहिरीवर, तिनं स्वतःची समजूत घातली.

शनिवारी सकाळी बॉयलर उकळत ठेवला होता. मच्छिंद्र हा जुना बॉयलर अटेंडंट, त्याला अकराला व्हॉल्व्ह उघडायचा हुकूम होता. नंदा उगाचच प्रयोगशाळेतून जिन्यापर्यंत आणि जिन्यातून प्रयोगशाळेपर्यंत येरझाऱ्या घालत होती. आठव्या की नवव्या फेरीला तिचं लक्ष कुंपणाच्या भिंतीकडं गेलं. भिंतीवर वाकळ पडली होती. तिच्या शेजारी दुसरी. मग लाल काठाची तिसरी, आणि पुढं ओळच्या ओळ.

डोहात कुत्रं मेलंय म्हटल्यावर बायका घरी कशाला बसतील? त्या वरच्या अंगाला सरकणार. पाणी नासलं की माणूस वरच्या अंगाला जातं, हे शेंबड्या पोराला कळतं. पाण्याच्या परीक्षा घेऊन पगार मिळवणाऱ्या बाईला तेवढं सुचू नये? आणि वरच्या अंगाला ओढा भिंतीला चिकटूनच वाहत होता. व्हॉल्व्हच्या पाइपाचं तोंड तिथंच उघडायचं. खालच्या डोहाशी निदान पाण्यात पाणी मिसळून जरा पातळ तरी झालं असतं. इथं उकळतं सोड्याचं पाणी थेट पायांवर आलं असतं, आणि त्यांना तिथं तिनंच धाडलं होतं.

ती बॉयलरकडं धावली. आपण सांगेपर्यंत व्हॉल्व्हला हात लावू नका, असं तिनं मच्छिंद्रला बजावलं. तो म्हणाला, साहेबांनी अकरा सांगितलेत. पण तिचा चेहरा बघून त्यानं चाकावरचा हात काढला. मग ती फाटकातून बाहेर पडून भिंतीच्या कडेनं, काट्याकुट्यांतून उतरून ओढ्यात आली. पंधरा-वीस बायका लुगडी-साड्या खोचून गुडघाभर पाण्यात उभ्या होत्या. धोपटण्याच्या आवाजात तिला दोनदा ओरडावं लागलं.

"बाहेर या सगळ्याजणी. आमचं सोड्याचं पाणी सुटणार आहे इथं. भाजेल."

बायका भराभर काठावर आल्या. कमलबाई सगळ्यांत शेवटी आल्या, पिळायच्या राहिलेल्या वाकळेचं टोक हातात धरून. त्यांनी नंदाकडं नीट बघितलं.

"मग डोहातलं कुत्रं?"

"कुत्रं नव्हतंच, मावशी."

नंदानं मग सगळं सांगून टाकलं: टाकी झालेली नाही, वेळ मागितलाय, एक थेंब सोडणार नाही असं लिहून दिलंय आणि ते आपणच लिहिलंय. कमलबाईंनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं.

"येळ कुणाला मागितला?"

"मंडळाला. सहा महिन्यांचा."

"आन् ह्यो वडा कुणाचा हाय?"

कमलबाई वाकळ तशीच खाली टाकून पाइपाच्या तोंडाशी असलेल्या सपाट दगडावर बसल्या. त्यांचं बघून आळीतली गंगम्मा बसली, मग एकेक करून बाकीच्या बसल्या.

तेवढ्यात नंदाचा फोन वाजला. रणधीर साहेब होते. अकरा वाजून गेलेत, मच्छिंद्र ऐकत नाही, भिंतीबाहेर बायका दिसताहेत, हे काय चाललंय? मग आवाज खाली आणून ते समजुतीनं बोलले. त्यांना म्हणावं पाणी साधंच आहे, जरा गरम आहे इतकंच. तुम्ही गावातच राहता, तुमचं ऐकतील. आणि विचारा, उठायला किती वेळ लागेल.

ओढ्याकाठी फोनमधलं सगळं ऐकू येत होतं. कमलबाईंनी मान वर न करता सांगितलं.

"सांग त्येला, सहा म्हयने लागतील."

नंदाच्या हातात फोन होता. अजूनही काहीतरी गुळमुळीत बोलता आलं असतं, तिला ते चांगलं जमत होतं. सोमवार डोळ्यांपुढं आला, महिन्याअखेरचा पगार आला, धाराशिवचं घर आलं.

"सर, त्या म्हणतात सहा महिने लागतील," ती म्हणाली. "आणि पाणी साधं नाही, हे मी त्यांना सांगितलंय. सोमवारी मंडळाच्या माणसालाही सांगणार आहे."

मग साहेबांनी थंडपणे विचारलं, तुम्ही आत येताय की तिथंच राहताय? तिनं फोन ठेवून दिला. दगडावर कमलबाईंशेजारी एका माणसापुरती जागा होती, पण त्या काही सरकल्या नाहीत. नंदा त्यांच्या पायाशी चिखलातच बसली.