अकरा हजार फुटांवरचं वजन

"कुणाचा विश्वास बसायचा नाही," शशिधरांनी चहाचा मग खाली ठेवला, "पण मी एकदा पायलटची मिशी उतरवायला लावली होती. वजन जास्त होत होतं."

नात आर्या खदखदून हसली. लंडनमधल्या हाउन्सलोच्या त्या घरावरून दर दोन मिनिटांनी विमान जायचं, त्यामुळे शशिधरांना विषय शोधावा लागत नसे. उमेदीची वर्षं त्यांनी हिमालयातल्या एका दरीत, अकरा हजार फुटांवर, पत्र्याच्या शेडएवढ्या विमानतळावर काढली होती. सामान आणि माणसं तोलायची नोकरी. ऊन चढलं की तिथली विरळ हवा आणखीच विरळ व्हायची, भरलेलं विमान उठायला तयार नसे. मग काय उतरवायचं ते शशिधर ठरवायचे. गोष्टीत ते जर्दाळूची खोकी उतरवत, मग एका मंत्र्याची सासू, आणि शेवटी धापा टाकणाऱ्या मधुमतीचं, त्यांच्या बायकोचं, स्ट्रेचर आत चढवत. विमान कड्याला पोट घासून निसटे. दिल्लीच्या डॉक्टरांनी शर्थ केली, पण तिचं आयुष्यच तेवढं, असं म्हणून ते चष्मा पुसत.

लेक नीना कोपऱ्यात इस्त्री करत होती. चाळीस वर्षं ती या गोष्टीला मान डोलावत आली होती.

"आजोबा, मी ऑक्टोबरमध्ये ऑफिसच्या कामाला दिल्लीला जातेय," आर्या म्हणाली. "आजीचा हॉस्पिटल कुठला? आय मीन, फुलं ठेवून येते."

शशिधरांनी चहाचा एक घोट घेतला. मग सवयीनं जीभ सुटलीच. लाल विटांची इमारत, तिसरा मजला, खिडकीबाहेर कडुनिंब, शेवटपर्यंत उशाशी बसलेली एक केरळी नर्स. आर्या सगळं फोनवर लिहून घेत होती, आणि ती लिहितेय हे पाहून त्यांचा आवाज बारीक होत गेला.

"आणि नाव?"

"नाव... नीनाला ठाऊक आहे. हो ना गं?"

नीनानं इस्त्री उभी केली. प्लग काढला. बापाचा शर्ट घडी घालून बाजूला ठेवला.

"आर्या, ते पुसून टाक," ती म्हणाली. मग वडिलांकडे वळली. "आई त्या विमानात नव्हती, बाबा. स्ट्रेचरला तीन सीट लागत होत्या, म्हणून तुम्ही तिलाच उतरवलंत. मी शेजारीच उभी होते, तिचं पांघरूण धरून."