डाव्या अंगाला

"आवं बाई, कायतरी कमी करा की!" म्हाळसा पाचव्यांदा म्हणाली.

काउंटरवरच्या सनानं पाचव्यांदा मान हलवली. पोरगी विशी-बाविशीची, बोलायला साखर. पण पन्नास रुपये सोडील तर शपथ.

"ताई, रेट ठरलेला असतो. मेंदूच्या एमआरआयचे साडेसहा हजार. डॉक्टरांनी रंगाचं इंजेक्शन लिहिलंय, त्याचे दोन हजार वेगळे. आता सात भरा, उरलेले दीड हजार रिपोर्ट घेताना द्या."

समोरच्या बाकावर सहा वर्षांची सुकन्या बिस्किट खात बसली होती. मान डाव्या खांद्यावर कललेली. तिचा बाप श्रीमंत मघापासून फक्त त्या मानेकडे बघत होता. तो एकदम उठला.

"आमी इचार करून येतू," म्हणाला आणि दाराबाहेर पडला.

बाहेर सात रस्ता चौकात रिक्षांचा नुसता कालवा चालला होता. पोरीला सनाच्या नजरेखाली बसवून म्हाळसा त्याच्या मागोमाग धावली.

"कसला इचार? मेंढरं इकली, पैसं माज्या वटीत हायती. आता काय आडलंय तुमचं?"

"लई पैसं हायती गं. नुसता फोटू काढायला साडेआठ हजार! गोळ्या बदलून बगू की."

"पोरगी रोज सकाळी उटून ओकतीया. डोकं धरून बसतीया. डाक्टर म्हनला, एक दिस बी थांबू नगा. आन् तुमी पैसं मोजताय? लेकीपरास मेंढरं ग्वाड व्हय तुमास्नी?"

श्रीमंतनं मुंडी खाली घातली. बायकोनं भर रस्त्यात कंजूष म्हटलं ते त्यानं मुकाट्यानं गिळलं. आता, श्रीमंत कंजूष होता का? छे! नावापुरता श्रीमंत, पण गावात कुणाच्याही लग्नात ह्याचं बोकड आधी. लेकीसाठी त्यानं दोन मेंढ्या काय, सगळा कळप विकला असता आणि वर अंगावरचं घोंगडंही दिलं असतं. पैसा हा नुसता आडोसा होता, आणि त्या आडोशामागं काय आहे ते बोलायला त्याची जीभ रेटत नव्हती.

गेल्या वर्षी त्याच्या कळपातली एक मेंढी फिरायला लागली. मंगळवेढ्याकडच्या माळावर जन्म काढलेल्या धनगराला ते सांगावं लागत नाही. मेंढीची मान एका बाजूला जाते, मग ती त्याच अंगाला वळत राहते, चारा सोडून गोल गोल फिरते आणि एक दिवस पडते. त्याच्या बापानं तसली किती तरी बघितली होती. कवटी अंगठ्यानं दाबून तो सांगायचा, "ह्या जागंला आत पाण्याचा फोड हाय." त्यातलं एकही मेंढरू जगलं नव्हतं.

ती मेंढी मेली तेव्हा श्रीमंतनं तिचं मुंडकं कुत्र्यापुढं टाकलं. आठ दिवसांनी जनावरांचा डॉक्टर आला आणि त्याच्यावर खेकसला, "अरे, हा रोग कुत्र्यातूनच पसरतो! असलं डोकं पुरायचं असतं, कुत्र्याला घालायचं नसतं. माणसालासुद्धा होतो कधीमधी, माहिती आहे का?" श्रीमंतच्या तोंडचं पाणी पळालं होतं. कारण ते कुत्रं म्हणजे सुकन्याचा जीव की प्राण. थंडीत ती त्याच्या पोटाशी डोकं खुपसून झोपायची.

आणि दोन महिन्यांपूर्वी लेक शाळेतून येताना सरळ वाट सोडून डावीकडच्या बाभळीच्या काट्यात गेली. त्या दिवसापासून श्रीमंतला अन्न गोड लागलं नव्हतं. हे यंत्र आता आतला फोटो काढणार आणि त्या फोटोत आपला गुन्हा दिसणार, असं त्याच्या मनानं घेतलं होतं.

"बोला की! तोंडात काय मूग धरल्यात?" म्हाळसा म्हणाली.

"म्हाळसा... ती मेंढी..." एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

म्हाळसानं पदराचं टोक तोंडावर दाबलं.

"मला म्हाईत न्हाय व्हय? मी बी धनगराचीच लेक हाय की. रोज तेल घालताना पोरीचं डोकं बोटानं चाचपती मी. तुमी मुंडकं टाकलंसा, व्हय. पर पोरीला कुत्र्यापाशी निजू कुनी दिलं? मीच न्हवं?"

"तू बोलली न्हाईस कदी."

"तुमी तरी कुटं बोललासा?"

दोन महिने एकाच घरात, एकाच चुलीपुढं बसून दोघांनी ही आग पोटात ठेवली होती, आणि बाहेर मात्र पैशावरून भांडत होते. श्रीमंत रस्त्याच्या कडेला उभ्या उभ्या रडला. लाज वाटली नाही त्याला.

"चला," म्हाळसानं त्याची बाही ओढली. "माणसाला औशिदं आसतील की. आपुन मेंढरं न्हाय."

आत जाण्याआधी सुकन्याचे पैंजण काढले, कमरेचा चांदीचा करदोडा काढला. श्रीमंतनं आपलं कडं काढून म्हाळसाच्या हातात दिलं. त्या मोठ्या गोल यंत्राकडे बघून सुकन्यानं विचारलं, "आप्पा, ह्यात आपला बोकड माईल का वो?"

"माईल की. तू हलू नगं, म्हंजी झालं."

यंत्र खडाखडा वाजायला लागलं. लोकर कातरताना मेंढीचा पाय धरावा तसा श्रीमंतनं लेकीचा पाय हळू धरून ठेवला. अर्ध्या तासात पोरगी तसूभरही हलली नाही. भूल देणाऱ्या डॉक्टरची गरजच लागली नाही, तेवढे पैसे वाचले.

बाहेर आल्यावर तिघं तासभर बाकावर बसून राहिली. मग काचेमागचे डॉक्टर स्वतः उठून आले. त्यांनी सुकन्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि सनाला हळू आवाजात काही सांगितलं. "गावाला परत जाऊ नका," ते श्रीमंतला म्हणाले. "ही फाइल घेऊन आत्ताच तुमच्या डॉक्टरांकडे जा. मी फोन केलाय."

"फोड हाय का साहेब? मेंढराला हुतो तसा?"

"फोड नाही. गाठ आहे. मेंढरांचा काही संबंध नाही ह्यात."

श्रीमंतला वाटलं होतं, हे ऐकलं तर छातीवरचा धोंडा उतरेल. पण डॉक्टर त्याच्या डोळ्यांत बघत नव्हते. त्यानं काउंटरवर जाऊन उरलेले दीड हजार पुढं केले.

"राहू द्या मामा," सना म्हणाली.

"आं?"

"सर नको म्हणालेत. राहू द्या. पुढं लागतील तुम्हाला." ती मान खाली घालून पावतीपुस्तक चाळत बसली.

सकाळी जिनं पन्नास रुपये सोडले नाहीत, ती दीड हजार सोडते? म्हाळसानं त्या नोटा नवऱ्याच्या हातातून घेतल्या आणि काउंटरवर सनाच्या हाताखाली सरकवायला लागली.

"घ्या की वो बाई. पाया पडती तुमच्या. सगळं घ्या. आमी आनल्यात की पैसं. कमी करू नगा."

सनानं घेतले नाहीत. तिचेही डोळे भरले होते.

तिघं रस्त्यावर आली. सुकन्या मधे चालत होती आणि चालता चालता डावीकडं जात होती. श्रीमंतनं फाइल म्हाळसाकडं दिली आणि तो लेकीच्या डाव्या अंगाला आला. ती त्याच्या मांडीला टेकली आणि तशीच चालू लागली.

"आप्पा, मी सरळ चालतीया न्हवं?"

"व्हय माजे बाय," श्रीमंत म्हणाला. "येकदम सरळ."