आतून कच्चे

ड्रायव्हिंग शिकवणाऱ्याची बायको म्हणून तिला सगळी गल्ली मास्तरीणबाई म्हणे, मग तिने जन्मात स्टिअरिंगला हात लावलेला नसला तरी. मास्तरांनी अर्ध्या गल्लीला गाडी शिकवली, बायकोला शिकवायची तेवढी राहून गेली. "तुला कुठे जायचंय?" असं ते विचारायचे, आणि वीस वर्षं तिच्याकडे त्याला उत्तर नव्हतं.

आता होतं. कोपऱ्यावर बोबा चहाचं नवं दुकान उघडणार होतं आणि काचेवर कागद लागला होता. चहात घालायचे बोबा, म्हणजे साबुदाण्यासारख्या चिवट गोड गोळ्या, हाताने वळणारी बाई पाहिजे, वेळ अकरा ते सात, उघडायच्या आदल्या दिवशी घरून नमुना करून आणावा. मास्तरीणबाईंनी तो कागद तीनदा वाचला. ही नोकरी त्यांना हवी होती, इतकी हवी होती की त्यांची त्यांनाच लाज वाटली.

अडचण एकच. त्याच आठवड्यात त्यांच्या दोन्ही बाजूंच्या अक्कलदाढा काढल्या होत्या. तीन आठवडे चिवट, चिकट काही तोंडात घालायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि बोब्याची सगळी गंमत तर चावण्यात.

"मी आहे ना," मास्तर म्हणाले. "तू कर, मी चावतो."

या एका वाक्यावर बाई विरघळल्या.

मोबाईलवरचा व्हिडिओ बघून रोज सकाळी काम सुरू होई. ब्राउन शुगर पाण्यात उकळायची आणि उकळी फुटलेली असतानाच टॅपिओकाच्या, म्हणजे साबुदाणा ज्याचा करतात त्या पिठात ओतायची. पाक जरा निवला की गोळा होत नाही, चिखल होतो. पहिल्याच दिवशी दोनदा ओटा भरला, तेव्हा हे कळलं. मग चटके सोसत मळायचं, बारीक वळ्या करून कापायच्या आणि वाटाण्याएवढी एकेक गोळी तळव्यावर वळायची. दोनशे गोळ्यांना दीड तास लागे. उकळत्या पाण्यात त्या आधी तळाशी बसत, मग एकेक वर येई. वर आल्या, की बाई झाऱ्याने काढून घेत. कापून बघायची गरज त्यांना कधी वाटली नाही. घरात चावणारा माणूस होता.

मास्तर दुपारी जेवायला आले की वाटी घेत आणि डोळे मिटून चावत. "वा," म्हणत. "अगदी हवे तसे." शिकाऊ माणसाने क्लच जरा लवकर सोडला तर भर रस्त्यात त्याचा पाणउतारा करणारे हे गृहस्थ तोंड भरून कौतुक करू लागले, तेव्हाच खरं तर बाईंनी सावध व्हायला हवं होतं. पण त्यांना ते ऐकून इतकं बरं वाटे, की त्या दुसऱ्या दिवशीचं पीठ रात्रीच मोजून ठेवत.

सतराव्या दिवशी त्या डबा घेऊन दुकानात गेल्या. मालकीणबाईंनी एक गोळी तोंडात टाकली, चावली आणि कागदी रुमालात काढली. मग दुसरी गोळी सुरीने मधोमध कापून त्यांच्यासमोर धरली. आत पांढरा ठिपका होता, कोरडं पीठ.

"तरंगले म्हणजे शिजले असं नाही हो ताई," त्या म्हणाल्या. "त्यानंतर अर्धा तास उकळायचे आणि तेवढाच वेळ झाकून ठेवायचे. घरात कुणी खाऊन नाही बघितलं?"

"बघितलं," बाई म्हणाल्या.

"मला उद्यापासूनच माणूस लागणार. सकाळी एक बाई आल्या होत्या, त्यांचे जमलेत. त्यांना हो म्हणून बसले मी."

परतताना बाईंनी मास्तरांची बाजू स्वतःच घेतली. त्यांनी बिचाऱ्यांनी बोबा आयुष्यात कधी खाल्लाय? असाच असतो असं वाटलं असेल त्यांना. अशी समजूत काढत त्या घरी पोचल्या.

मास्तर टेबलाशी बसले होते. "काय झालं?" त्यांनी विचारलं. इतके दिवस खपून आपण नापास झालो, हे काही बाईंच्या तोंडून निघेना. वेळ मारून न्यायला त्या म्हणाल्या, "घेतलं मला."

मास्तरांचा चेहरा खर्रकन उतरला. "कसं शक्य आहे? आतून तर कच्चे..."

ते थांबले, पण उशीर झाला होता.

"कधीपासून माहीत होतं तुम्हाला?"

"अगं, तसं नाही..."

"कधीपासून?"

"पहिल्या वाटीपासून," मास्तर म्हणाले. "सात वाजेपर्यंत तू बाहेर, मग घराचं काय? म्हटलं, दुकानवालेच नाही म्हणतील. मी नको म्हटलं असतं तर तुला वाईट वाटलं असतं."

केसाने गळा कापणं म्हणजे काय, ते बाईंना तेव्हा कळलं. डब्यात गोळ्या उरल्या होत्या. त्यांनी एक उचलली आणि डॉक्टरांना न जुमानता दाढेखाली धरली. टाक्यांत कळ गेली. गोळी वरून मऊ, गोड होती. आत पीठ कचकचलं, टाळूला चिकटलं, घशाखाली उतरेना.

सोळा दिवस, रोज एक वाटी. डोळे मिटून, "वा" म्हणत.

मास्तरांनी त्यांच्यासाठी इतके कष्ट वीस वर्षांत कधी घेतले नव्हते.