दोन हात लांबून

मित्रांनो, मी एक जुनी लेन्स आहे. पंच्याऐंशी मिलिमीटरची, खास चेहऱ्यांसाठी घडवलेली. माझ्यातून बघितलं की शेंबडं मूलसुद्धा राजबिंडं दिसतं. मागची अडगळ लोण्यासारखी विरघळते आणि डोळे असे चमकतात, की आईलाच प्रश्न पडतो, हे आपलंच का? माझ्यापुढून एकही मूल फोटो न देता गेलेलं नाही, असं मी मागच्या रविवारपर्यंत छातीठोकपणे सांगत होते.

कारखान्यात आठ काचा घासून मला बनवलं. तपासणाऱ्या बाईंनी मला उजेडासमोर धरलं आणि नुसतं "हं" म्हटलं. तिथे "हं" म्हणजे सुवर्णपदक.

मग फोटोवाल्या ताईंकडे आले. त्यांच्याबरोबर मी शेकडो तान्ह्या बाळांचे फोटो काढले. तान्ही बाळं ठेवाल तिथेच राहतात, माझी सगळी कीर्ती त्यांच्याच जिवावर, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नव्हतं. कारण मला दोन हातांच्या आतलं काही म्हणजे काही दिसत नाही.

बॅगेत माझ्या दोन जावा आहेत. पस्तीसची बुटकी जवळून फोटो घेते, पण नाकाचा बटाटा करते. थोरली हातभर लांब. तिला पाहून पोरं पलंगाखाली जातात.

रविवारी अडीच वर्षांच्या भिंगरीचा फोटो होता. निघताना ताईंच्या सासूबाई म्हणाल्या, "ही म्हातारी कशाला? हल्ली पोरं पळतात, खोल्या लहान."

"आज शेवटची संधी देते, आई. नाही जमलं तर भाच्याला देऊन टाकते. त्याला चपलांच्या जाहिरातींसाठी लेन्स हवीच आहे."

चपला! माझी काच धुरकटली.

भिंगरीच्या आईने दारातच सांगितलं, "हिचा एकही फोटो धड नाही हो. सगळ्यांत पाठ, नाहीतर नुसता धूर."

भिंगरीला माझ्या काचेत दुसरी भिंगरी दिसली. ती सरळ मला चाटायला आली. पहिला फोटो : जीभ, तीही अस्पष्ट. ताई एक पाऊल मागे, भिंगरी दोन पावलं पुढे. खोली संपली, स्वयंपाकघर संपलं, मोरी आली. मदतीला आलेल्या ताईंच्या सासूबाई खुळखुळा वाजवत शेजारून चालत होत्या.

"अगं, मागे टब आहे."

"आई, तुम्ही मुलीकडे बघा."

"मुलगी बरी आहे. टब तुझ्या मागे आहे."

ताई कपडे भिजवलेल्या टबात बसल्या. पण मित्रांनो, हात वर होता आणि मी कोरडी होते. भिंगरी जागच्या जागी थांबली. दोन्ही हात गालांवर, तोंड उघडं, मग हसू. अंतर बरोबर दोन हात. ताईंनी टबातूनच बटण दाबलं.

फोटोत एकेक पापणी मोजता येत होती. भिंगरीच्या आईने कॅमेऱ्याच्या पडद्याला जवळजवळ नाकच लावलं. मग म्हणाली, "हिच्या गालावर तीळ आहे, हे मला आज कळलं."

"हिला मी कुणालाही देणार नाही," ताई म्हणाल्या. त्यांच्या कोपरावरून पाणी ठिबकत होतं.

म्हणून सांगते, मित्रांनो, लहान मुलांच्या फोटोसाठी लेन्स माझ्यासारखीच निवडा, फक्त आधी मागची जागा बघून घ्या. आम्हांला मऊ फडक्याने पुसा, सदऱ्याच्या टोकाने नको. आणि कौतुकाच्या भरात आम्हांला कुणाच्या हातात देऊ नका.

सासूबाईंनी मला कॅमेऱ्यावरून काढून कौतुकाने भिंगरीच्या हातात दिलं. भिंगरीने मला नीट बघितलं आणि टबात सोडलं.

ओल शोषली जावी म्हणून सध्या मी तांदळाच्या डब्यात आहे. काल सासूबाईंनी तिथूनच तांदूळ काढून कुकर लावला. भात झाला. त्यात माझं झाकणही शिजलं.