पेटीचा उखाणा

चंद्रभानच्या नोकरीवर पाणी पडायची वेळ आली, अन् तीही पाण्याच्याच पेटीमुळं.

सोनपेठकडच्या त्या गावात सोसायटीनं नदीवरच्या पंपाला नुकताच एक छोटा कॉम्प्युटर बसवला होता. लोखंडी पेटी, वर आकड्यांची बटणं. कुणाच्या शेताला कधी पाणी, हे पेटीच बघायची. पाळी बदलायची तर गुप्त आकडा दाबायचा, तो एकट्या चंद्रभानला ठाऊक. परभणीत कोर्स करून आलेला गडी, पेटीला रोज फडक्यानं पुसायचा. नव्या बायकोचेही एवढे लाड नव्हते.

अन् एकाएकी पेटीच्या अंगात आलं. पाणी कधी भुजंगच्या वांग्यात, कधी भलत्याच नाल्यात, अन् घडीघडी चेअरमन किशनरावांच्या केळीत! पूर्वी पाळी किशनरावच लावायचे. बोंब त्यांचीच मोठी.

"मशीन येडं झालंय! माझी केळी कुजायलीय! उद्या मीटिंगीत पेटी काढू, अन् तुला बी."

चंद्रभान घरी येऊन जेवायला बसला.

"सुला, आकडा कुणाला तरी कळलाय गं."

"मी न्हाई बा सांगितला. मला कुठं ठावूक हाय?" म्हणत सुलाबाई भाकरी थापता थापता गुणगुणायला लागली, "सात शेतं, चार चाऱ्या, दोन पंप, एक पाट, चंद्रभानरावांच्या पेटीचा लय मोठा थाट!"

सात, चार, दोन, एक! चंद्रभानला ठसकाच लागला. आकडा ध्यानात राहावा म्हणून पहिली ओळ त्यानंच जुळवली होती, अन् उठता-बसता पुटपुटायचा.

"हे कुठं म्हणलीस?"

"संक्रांतीच्या हळदीकुंकवाला, उखाण्यात! चेअरमनच्या रुख्मिणवहिनीनं तर पुन्हा पुन्हा म्हणून घेतला."

"अगं, नाव घ्यायचं असतंय, नंबर न्हाई!"

"अवो, नाव बी घेतलंच की!"

चंद्रभान आधी चिडला, मग पोट धरून हसला, अन् उठून थेट पंपावर गेला. नवा आकडा घातला, तो मनातसुद्धा पुटपुटला नाही. जुना मात्र राहू दिला, पिंजऱ्यात उंदरासाठी भाकरीचा तुकडा ठेवावा तसा. तो कुणी दाबला की पेटीनं खरी पाळी आपोआप परत लावायची, अन् गिरणीवरून मागून आणलेला भोंगा वाजवायचा.

सकाळी सोसायटीच्या पायरीवर मंडळी जमली. सगळे आले, चेअरमनचाच पत्ता नाही. चंद्रभान पंपाकडं कान लावून बसला होता. तेवढ्यात भोंगा बोंबलला! मंडळी पंपाकडं पळाली. पाण्याला निघालेली कस्तुराबाई घागरीसकट पळाली.

पंपाच्या खोलीत, पेटीपुढं किशनराव. आपलंच काही चुकलं असं वाटून ते पुन्हा पहिल्यापासून आकडा लावायला लागले होते. भोंग्यात स्वतःचंच ऐकू येईना, म्हणून बेंबीच्या देठापासून ओरडत होते, "सात शेतं! चार चाऱ्या! दोन पंप! एक पाट!" अन् सवयीनं पुढचंही निघून गेलं, "चंद्रभानरावांच्या पेटीचा लय मोठा थाट!"

भोंगा थांबला. पाणी मुकाट्यानं ज्याच्या पाळीचं त्याच्या शेताकडं निघालं.

"अगं बया!" कस्तुराबाईनं तोंडाला पदर लावला. "चेअरमननं चंद्रभानचं नाव घेतलं की!"

मीटिंग झालीच नाही. पेटी राहिली, चंद्रभानही राहिला. पंचाईत झाली ती किशनरावांची. चंद्रभानला नावानं हाक मारली की गाव फिदीफिदी हसायचं. शेवटी त्यांनी नाव घेणंच सोडलं, अन् एक दिवस भर बाजारात हाक दिली, "अवो, ऐकलं का?"

मग तर गाव लोळलंच.