सातव्या क्रमांकावरचा ब्लॉग

भाचीचा ब्लॉग यादीत आला तेव्हा वहिनीने मला दुकानातून वर बोलावून घेतलं. माझं कपडे दुरुस्तीचं दुकान त्यांच्या घराखालीच आहे. गिऱ्हाईकाची पँट मशीनवर तशीच टाकून मी गेले. ‘अ‍ॅनिमेच्या चाहत्यांनी वाचायलाच हवेत असे दहा ब्लॉग’, आणि सातवी आमची खारूताई; भाचीला घरात आम्ही हेच म्हणतो. वहिनीच्या लेखी अ‍ॅनिमे म्हणजे जपानी कार्टुनातली मोठ्या डोळ्यांची रडकी मुलं. पण तिचे तोवर साऱ्या नातेवाइकांना फोन करून झाले होते.

खारूताई लिहिते ते जरा वेगळंच. मारामाऱ्या, प्रेमप्रकरणं बाकीचे लिहितात. ही मागचं चित्र बघते: विजेचे खांब, जिने, खिडकीत वाळत घातलेले मोजे. माझा भाऊ, म्हणजे तिचे बाबा, आजारी असताना तिच्या शेजारी पडून बघायचा, त्याच्यामुळे मलाही नाद लागला. तो गेला, तरी हिने लिहिणं सोडलं नाही. वाचणारे मोजून तीन: मी, तिची मैत्रीण आणि कोणी एक दातांचे डॉक्टर. यादी आली आणि रोज नवे वाचक यायला लागले. पोरगी कितीतरी दिवसांनी जेवताना बडबडली.

म्हटलं, हिच्या पंगतीला कोण बसलंय ते तरी बघावं. बाकीचे ब्लॉग उघडत गेले. पहिल्यावर नुसत्या जाहिराती. दुसरा कधीचा बंद पडलेला. तिसरा वाचताना मात्र हात थांबला. कापड उसवून पुन्हा शिवलं तरी जुन्या टाक्यांची भोकं दिसतातच. विजेच्या खांबाचा ‘विद्युत स्तंभ’ झाला होता, जिन्याचा ‘सोपान’. बाकी शिवण सगळी खारूताईची.

आणि खाली तो परिच्छेद. डोंगरावरच्या पोस्ट ऑफिसच्या एका मालिकेबद्दल खारूताईने लिहिलं होतं: ‘हे आभाळ बघता बघता बाबांना झोप लागली. मी आवाज बंद केला, चित्र चालू ठेवलं.’ इथे होतं: ‘हे गगन पाहता पाहता वडिलांना निद्रा आली. मी ध्वनी बंद केला, चित्र सुरू ठेवले.’

कोणीतरी आपल्या ताटातला घास उचलून चघळावा आणि पुन्हा ताटातच थुंकावा, तसं वाटलं.

खारूताईला दाखवलं. तिने दोनदा वाचलं आणि उठून साबणाने हात धुतले. असल्या चोराच्या पंगतीत नाव नको, मी म्हटलं; पण यादीतून बाहेर पडायला ती तयार होईना.

“आत्या, लोक आत्ता कुठे वाचायला लागलेत गं. तेवढं बाबांचं काढायला सांगूया.”

यादी करणाऱ्याचा नंबर मिळवून मी फोन लावला. तर तो तिसरा ब्लॉगही त्याचाच निघाला. आवाज असा, की फोन पुसून घ्यावासा वाटला. दर वाक्याला ताई. चोरी नाही म्हणे, प्रेरणा. शब्द बदलून द्यायला सॉफ्टवेअर असतं, सगळेच वापरतात. वर म्हणाला, वाईट वाटलं असेल तर भाचीला दुसऱ्या क्रमांकावर घेतो.

“तो माझा भाऊ आहे,” मी म्हटलं. “तो तुमच्या ब्लॉगवर झोपलेला मला चालणार नाही.”

तो म्हणाला, समजलं ताई, लगेच बदलतो.

आणि खरंच बदललं. संध्याकाळी उघडलं तर: ‘हे गगन पाहता पाहता आजोबांना निद्रा आली.’

खारूताई आता यादीत दुसरी होती. वहिनी पुन्हा फोनला बसली. तिला आम्ही काहीच सांगितलं नव्हतं. खारूताईने त्या माणसाला लिहिलं, माझं नावच काढा. उत्तर आलं, दहाची यादी नऊची करता येत नाही, आणि पुढे एक हसरा चेहरा.

मग तिने स्वतःचा ब्लॉग उघडला आणि बाबांच्या झोपेचा तो परिच्छेद पुसायला घेतला. मी तिचं मनगट धरलं.

“तू का काढतेस? तुझं आहे ते.”

“माहितीये. पण आता वाचायला गेलं की मला तिथे आजोबा दिसतात. कुणाचे तरी. घोरत असलेले.”

मी हात सोडला.

नवे वाचक अजून येतात. त्या आभाळाबद्दल छान छान लिहूनही जातात. ते बघताना कोणाला झोप लागली होती, हे त्यांना आता तिच्या ब्लॉगवर कळत नाही.