मेहिटेबलबाईचं एकुलतं खोटं

मी एक जुनी कथलाची परात आहे, मित्रांनो. काठाला दोन पोचे आहेत, पण त्यांची मला लाज नाही. मेहिटेबल नावाच्या दाईच्या गाठोड्यातून मी समुद्र ओलांडून न्यू इंग्लंडमधल्या एका लहानशा गावी आले. बाळांची पहिली आंघोळ माझ्यात व्हायची. गावाच्या प्रार्थनाघराकडे बरं भांडं नव्हतं, म्हणून बाप्तिस्म्याचं पाणीही माझ्यातच भरत. दोन्हीकडून मान मिळाल्याने मी थोडी फुशारलेही होते.

गावाची एक ठाम समजूत होती. मूल ज्या वारी जन्मतं, त्याच वारी ते पोटात राहिलेलं असतं. म्हणजे रविवारी जन्मलेलं मूल हा आईबापांनी देवाचा दिवस मोडल्याचा पुरावाच! भर सभेत पाप कबूल केल्याशिवाय पाद्रीसाहेब अशा बाळाला पाणी लावत नसत. आमचा रविवार सूर्य मावळला की संपायचा.

गावातल्या केझियाचा नवरा वसंतात मासेमारीला गेला तो बुडालाच. पानगळीत एका रविवारी ती बाळंत झाली. मुलगी मूठभर, ओठ निळसर. तिला माझ्यात ठेवलं तेव्हा पाण्यावर लख्ख ऊन होतं.

"मेहिटेबलबाई, कसलं पाप कबूल करू हो मी?" केझिया रडू लागली. "आणि पोर बाप्तिस्म्याविना गेली तर?"

"गप पड. दिवस मावळला होता."

"अहो, पण खिडकीत अजून..."

"दाई मी की तू?"

पाद्रीसाहेबांसमोरही दाई तेच बोलली. मुलीला पाणी लागलं, डॉर्कस हे नाव मिळालं आणि पोर जगली. पण जन्मात कधी खोटं न बोललेल्या मेहिटेबलबाईचं जेवणावरून मन उडालं. ती रोज मला राखेने घासायची, इतकी की मला वाटे, पाप माझ्याच हातून घडलंय. फार वाईट वाटायचं मला तिचं.

पुढच्या उन्हाळ्यात ती सभेत उभी राहिली. "मी खोटं बोलले. शिक्षा मला द्या, पण नोंदवहीतलं पोरीचं नाव खोडू नका."

पाद्रीसाहेबांनी तिला तीन रविवार सगळ्यांसमोर स्टुलावर बसवलं. नावाचा निकाल तिसऱ्या रविवारी देऊ म्हणाले. मला तर त्यांनी बाप्तिस्म्याच्या कामातून काढूनच टाकलं. खोटं बोलणाऱ्या बाईचं भांडं नको म्हणे! पण ती मला मांडीवर घेऊन बसायची.

तिसऱ्या रविवारी डॉर्कस आईच्या हातून निसटली. रांगत रांगत स्टुलापाशी आली आणि मेहिटेबलबाईच्या झग्याला लोंबकळू लागली. बाईने घाबरून पाद्रीसाहेबांकडे पाहिलं, मग मला खाली ठेवून तिला उचललं. पोर तिच्या खांद्यावर मान टाकून झोपली.

पाद्रीसाहेबांचे मदतनीस, म्हातारे डीकन, पुढे झाले. "काढून घेऊ का पोरीला?"

पाद्रीसाहेबांनी नोंदवही उघडली. टाक दौतीत बुडवला. बराच वेळ ते त्या दोघींकडे बघत राहिले. मग टाक पुसून त्यांनी वही मिटली.

"नको," ते हळूच म्हणाले. "डॉर्कसची झोप मोडेल."

त्यांनी तिचं नाव घेतलं होतं, म्हणजे ते खोडलं जाणार नव्हतं! केझिया तोंडावर एप्रन दाबून रडली.

मित्रांनो, मला डाग पडला तर खुशाल राखेने घासा, मी धातू आहे. पण ज्याने आपली चूक स्वतःच्या तोंडाने सांगितली, त्याला आणखी घासू नका. त्याला जवळ बसू द्या.